नोकरी गेली ते कर्म, पूर आला तेही कर्म?

वहीपेनवाली, सांगली

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण इथे पाली शिकलेले, बौद्ध घरातले, परदेशात राहणारे असे सगळेच आहात म्हणून विचारते.

आमचं मारुती चौकाजवळ वह्या-पुस्तकांचं दुकान. मुलगा बोस्टनजवळ असतो, सॉफ्टवेअरमध्ये. घरात आम्ही गणपती-पंढरपूरवाले, बुद्धांशी संबंध पौर्णिमेच्या सुट्टीपुरता. पण तिकडे गेल्यावर हा ध्यानाला लागला. आधी कंपनीनं एक ॲप फुकट दिलं, आणि बुधवारी दुपारी जेवणानंतर सगळ्यांनी डोळे मिटून बसायचं असं सुरू झालं. मग तो रविवारी एका चर्चच्या तळघरात भरणाऱ्या गटात जायला लागला. दहाबारा गोरी माणसं, गाद्या, घंटी, शेवटी चहा-बिस्किटं. मला बरंच वाटलं. परमुलखात पोरगा शांत बसायला शिकतोय, वाईट काय त्यात?

गेल्या महिन्यात त्याची नोकरी गेली. एका ईमेलवर. त्याच दिवशी लॅपटॉप बंद, आणि ध्यानाचं ॲपही बंद, कारण ते कंपनीच्या खात्यावर होतं! हे सांगताना तो हसला, मला काही हसू आलं नाही. रविवारी गटात बोलला तर तिथले एक जाणते गृहस्थ म्हणाले की हे तुझं जुनं कर्म पिकतंय, विरोध करू नकोस, नुसतं बघ, आनंद तुझ्या आतच आहे. इकडे फोन ठेवल्या ठेवल्या सासूबाई म्हणाल्या, "मागल्या जन्मीचं काहीतरी असणार बघ, भोगून संपवायचं." गादीवरचा अमेरिकन आणि गावभागातली म्हातारी, दोघांचं एकमत.

हे वाक्य मी आधी ऐकलंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दुकानात माळ्याला पाणी लागलं होतं. गणपतीच्या सजावटीचा माल नुकताच भरलेला. पाणी उतरल्यावर चिखल ओढत होतो, तर एक ओळखीचे गृहस्थ नाकाला रुमाल लावून म्हणाले, "कर्माची फळं, वहिनी." हातात फावडं होतं. असो.

मला एवढंच विचारायचंय की बुद्धांनी खरंच असं सांगितलंय का? वाट्याला येईल ते सगळं आपणच कधीतरी पेरलेलं, असं? आणि दुसरं, मुलगा रोज सकाळी तासभर बसतो आणि म्हणतो, आई, मी आनंदात आहे. तिकडे घराचे हप्ते चालू आहेत. हा आनंद खरा म्हणायचा की पळवाट? कुणाच्या श्रद्धेला धक्का द्यायचा नाही, पण मला खरंच उलगडत नाही.


तासगावकर, न्यू जर्सी

ताई, कर्माचं मोठी माणसं सांगतील. आधी व्हिसाचं बघा. मुलगा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल तर नोकरी सुटल्यावर तिथे राहायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची, म्हणजे राहण्याच्या परवानगीच्या नोंदीची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. मोजणी साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसापासून धरतात, ईमेल आल्या दिवसापासून नाही. तो शेवटचा दिवस कुठला, हे त्यानं कंपनीकडून लेखी घ्यावं आणि वकिलाला दाखवावं. ध्यान करू दे, पण कॅलेंडर समोर ठेवून.


जुना कंट्रोलर, सातारा

ताई, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, सातारा स्टँडवरच बरीच वर्षं गेली. निवृत्तीनंतर पाली शिकलो. आमचं घर बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेलं, तेव्हा माझं माप कुठल्या बाजूला झुकतं हे आधीच सांगून ठेवतो.

तुमचा पहिला प्रश्न अडीच हजार वर्षांपूर्वी जवळपास याच शब्दांत विचारला गेला होता. राजगृहाच्या वेळुवनात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांकडे आला आणि म्हणाला, काही श्रमण-ब्राह्मण असं म्हणतात की माणसाच्या वाट्याला जे जे सुखदुःख येतं ते सगळं त्यानं पूर्वी केलेल्याचंच फळ. तुमचं काय म्हणणं? संयुत्त निकाय या पाली सुत्तांच्या संग्रहात, वेदनांच्या भागात हा संवाद आहे. बुद्ध त्याला कारणं मोजून दाखवतात. पित्तानं दुखतं. कफानं दुखतं. वातानं दुखतं. तिन्ही बिघडले तरी दुखतं. ऋतू पालटला म्हणून दुखतं, स्वतःची हेळसांड केली म्हणून दुखतं, बाहेरून कुणी मारलं म्हणून दुखतं. आणि आठवं कारण कर्माचा विपाक, म्हणजे कर्माचं फळ. आठातलं एक! पुढे म्हणतात की हे तुला स्वतःलाही कळण्यासारखं आहे आणि जगही ते मानतं. मग सगळंच पूर्वकर्मामुळे म्हणणारे लोक या दोन्हींच्या पलीकडे उडी मारतात, आणि ते चूक आहे.

आमच्या खिडकीवर रोज हेच चालायचं. पुण्याची गाडी दोन तास लेट. खंबाटकीत ट्रक आडवा झालेला असायचा, कधी टायर गेलेला, कधी पाऊस, कधी ड्रायव्हर खेड शिवापूरला जरा जास्तच रमलेला. प्रवासी मात्र माझ्यावर. आता मी चौकशी न करता नोंदवहीत प्रत्येक गाडीपुढे "नशीब" असा शेरा मारला असता, तर डेपो मॅनेजरनं मला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. आणि खरं कारण शोधलं नसतं तर तीच गाडी उद्याही लेट आली असती.

तुमच्या पुराचंही तसंच. पाऊस कोयना-महाबळेश्वराकडे पडला, धरणातून पाणी सुटलं, हरिपूरला वारणा येऊन मिळते तिथे कृष्णेला फुग आली, आणि पूररेषेत आपण घरं-दुकानं बांधत गेलो. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून अजून भांडणं चालू आहेत. यात माणसांचे निर्णय भरपूर आहेत, सरकारी आणि खाजगी. ते तपासता येतात, बदलता येतात. नाकाला रुमाल लावलेल्या गृहस्थांनी तुमच्या एकटीच्या कपाळावर खापर फोडलं की बाकी सगळे सुटले.

हे सुटणं बाबासाहेबांनी अचूक पकडलं होतं. त्यांचा शेवटचा ग्रंथ १९५७ साली त्यांच्यामागे प्रसिद्ध झाला. त्यात ते विचारतात की गरिबाची गरिबी त्याच्या पूर्वजन्मावर ढकलण्याचा हेतू तरी काय असणार? गरीब आणि खालच्या मानलेल्या माणसांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, याशिवाय दुसरा हेतू त्यांना दिसत नाही. हे पुस्तकात बसून सुचलेलं नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला आमच्या साताऱ्यात राजवाड्याजवळच्या शाळेच्या पटावर त्यांचं नाव चढलं. पुढच्या साली उन्हाळ्यात घरच्या मुलांबरोबर वडिलांकडे निघाले, मसूर स्टेशनला उतरले. चांगले कपडे, टोप्या. स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळल्यावर मागे सरला. गाडीवाला दुप्पट भाड्यावर तयार झाला, तेही गाडी पोरांनी हाकायची आणि तो शेजारून चालणार. डबा भरलेला होता, पण रात्रभर पाणी मिळालं नाही, म्हणून जेवणही राहिलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मी कऱ्हाडला जाताना मसूर फाटा ओलांडतो तेव्हा दर वेळी मनात येतं, त्या पोरांच्या मागल्या जन्माचा हिशेब काढणारे लोक त्या स्टेशनवरही असतीलच. पाण्याचा तांब्या द्यायला कुणी नव्हतं.

आता तुमचं दुसरं, आनंदाचं. यात मला बोस्टनवाल्यांपेक्षा सांगलीचे व्यापारी बुद्धांच्या जवळचे वाटतात, हसू नका. अनाथपिंडिक हा श्रावस्तीचा मोठा सावकार. त्याला बुद्ध गृहस्थाची चार सुखं सांगतात. घामाच्या आणि सरळ मार्गाच्या कमाईचं आपल्याकडे काही असणं, हे एक. ते खर्चता येणं, त्यातून दानधर्म करता येणं, हे दुसरं. कुणाचं लहानमोठं कसलंही देणं नसणं, हे तिसरं. आणि काया-वाचा-मनानं निर्दोष असणं, हे चौथं. पहिली तिन्ही मिळून या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही पुरत नाहीत असं ते म्हणतात. म्हणजे चौथं सगळ्यात मोठं, पण बाकी तीन पुसून टाकलेली नाहीत. तुमच्या जिवाला घराचे हप्ते लागले आहेत, ते अज्ञान नव्हे. ऋण नसणं हे सुखच आहे, आणि ते संन्याशाला नाही, संसारी माणसाला सांगितलंय.

दीघ निकायातलं सिगालाचं सुत्त तर मी तुमच्या मुलाच्या कंपनीच्या एचआरला पोस्टानं पाठवलं असतं. त्यात मालकानं नोकराशी कसं वागावं याच्या पाच गोष्टी आहेत. झेपेल तेवढंच काम द्यावं, जेवण आणि वेतन द्यावं, आजारपणात बघावं, काही खास गोडधोड केलं तर त्यातला वाटा द्यावा, वेळच्या वेळी सुट्टी द्यावी. दुपारी डोळे मिटून बसवावं, हे त्यात नाही. पश्चिमेनं बुद्धांकडून ध्यान उचललं आणि हे पान तिथेच ठेवलं, ही माझी मुख्य तक्रार. त्याच सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितलंय. एक खायला-प्यायला, दोन धंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. मुलाचा चौथा भाग किती आहे, तेवढं मात्र विचारा.

त्याचं बसणं सोडवू नका. बसू दे.


अभ्यासू, कऱ्हाड

काका, लिहिलंय छान, पण ही अर्धी बाजू झाली. मज्झिम निकायातलं चूळकम्मविभंग सुत्त कुठे गेलं? सुभ नावाचा तरुण विचारतो की कुणी अल्पायुषी, कुणी दीर्घायुषी, कुणी सतत आजारी, कुणी निरोगी, कुणी गरीब, कुणी श्रीमंत, असं का? बुद्ध सरळ कर्माकडे बोट दाखवतात. हिंसा करणारा पुढे माणूस म्हणून जन्मला तर अल्पायुषी होतो, न देणारा गरीब होतो, असं स्पष्ट आहे. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधले भिक्खू आणि उपासक आजही पुनर्जन्म मानतात. पाश्चात्त्यांनी सोयीचं तेवढं उचललं म्हणता, मग बाबासाहेबांच्या वाटेनं जाणाऱ्या नवयानी मंडळींनी काय केलं? तिथला सेक्युलर गट पुनर्जन्म गाळतो तेव्हा ती सोय, आणि आपण गाळला की क्रांती?


जुना कंट्रोलर, सातारा

अभ्यासू, हे सुत्त मला माहीत आहे आणि ते मला अडतं. अडत नाही म्हणणार नाही.

दोनच गोष्टी सांगतो. सुभाला जे सांगितलं ते कृती करणाऱ्याला पुढचं सांगितलं आहे. मारशील तर हे होईल, देशील तर ते होईल. त्यावरून उलटं चालत, समोरचा आजारी आहे म्हणजे यानं मारलं असणार, हे म्हणायची परवानगी कुठे आहे? अंगुत्तर निकायात तर चार गोष्टींचा विचार करत बसू नये, केलात तर वेड लागेल आणि त्रास होईल, असं आहे; त्यातली एक कर्माचा विपाक. कुणाला कशाचं फळ मिळालं ही बेरीज-वजाबाकी आपल्या आवाक्यातली नाही, हे बुद्धांनीच बजावलंय. चर्चच्या तळघरात चहा पिता पिता ती कशी काय जमली?

सोयीबद्दल. बाबासाहेबांनी कर्म टाकलेलं नाही, हे तुम्हीही वाचलं असेलच. जगातली नैतिक व्यवस्था कुणा देवावर नाही, माणसाच्या बऱ्यावाईट कृतीवर उभी आहे, हे त्यांनी ठासून ठेवलं. काढला तो मागल्या जन्माचा वारसा. का काढला ते मसूरला उतरून बघा. बोस्टनच्या गृहस्थांनी मला वाटतं नेमकं उलट केलं. स्वतःवर काही बंधन येईल असा भाग सोडला, आणि दुसऱ्याची नोकरी गेली तेव्हा जुनं कर्म बाहेर काढलं. दोन्ही ठिकाणी काहीतरी गाळलंय हे कबूल. पण कुणाचा भार हलका झाला ते बघाल की नाही?


अभ्यासू, कऱ्हाड

पुनर्जन्माबद्दल पटलं नाही. त्या गृहस्थांबद्दल पटलं. चार अचिंतनीय गोष्टींचा मुद्दा बरोबर आहे, तो मी विसरलो नव्हतो, पण तुम्ही आधी काढलात. आगाशिवच्या लेण्यांत एखाद्या रविवारी भेटू, तिथे समोरासमोर भांडू. वर चढताना पाणी बरोबर घ्या.


मिरजेची नर्स, मँचेस्टर

ताई, मी मिरजेची, इथे रुग्णालयात आहे. नाइट संपवून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर समजून घ्या.

इथे "कर्मा" हा शब्द वॉर्डात रोज ऐकू येतो. कुणी पार्किंगमधली जागा बळकावली आणि त्याला दंडाची चिठ्ठी लागली की सगळ्या खूश, "कर्मा!" म्हणजे इथे ते बहुतेक वेळा दुसऱ्याचं असतं आणि लगेच मिळतं. आमच्या मिरजेच्या वाड्यात ते कायम स्वतःचं असायचं आणि कधी संपायचं नाही. काकांनी सांगितलेली आठ कारणं दोन्हीकडच्या लोकांना वाचून दाखवायला हवीत.

ध्यानाबद्दल मात्र थोडं बाजूनं बोलते, कारण मी ते उपयोगी पडताना पाहिलंय. तुमच्या मुलाच्याच राज्यात, वूस्टरच्या वैद्यकीय विद्यापीठात, जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये दुखण्यानं बेजार झालेल्या, औषधांनी फारसा फरक न पडणाऱ्या रुग्णांसाठी काही आठवड्यांचा वर्ग सुरू केला. ते स्वतः बौद्ध ध्यान शिकलेले, पण वर्गात धर्म आणला नाही. पुढे त्याच धर्तीवर नैराश्य पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी वेगळा कोर्स तयार झाला. ब्रिटनमध्ये २००४ मध्ये, तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांना तो सुचवायला सुरुवात झाली. मी असे लोक पाहिलेत. कुणी "मी आता आनंदी आहे" म्हणत नाही. म्हणतात, वाईट विचार आला की त्याच्या मागे फरफटत जात नाही, लवकर ओळखू येतो. एवढंच. आणि ज्याला एवढं मिळालं त्याला विचारा ते किती आहे!

गडबड होते ती हेच औषध सगळ्या रोगांवर वाटायला लागलं की. भाडं परवडत नाही, दोन ठिकाणी काम करतोय, झोप चार तास, अशा माणसाला "श्वासाकडे बघ" म्हणणं मला जमत नाही. तो श्वासाकडे बघेलही, पण भाडं पहिल्या तारखेलाच येणार.

पळवाट आहे का, हे तुम्हाला इथून ओळखता येईल. अर्ज पाठवतोय का? मित्रांचे फोन उचलतोय का? जेवण-झोप ठीक आहे का? पैशांचं विचारलं तर आकडा सांगतो का, की "सगळं ठीक होईल" एवढंच म्हणतो? बसून उठल्यावर कामाला लागत असेल तर बिनधास्त राहा. बसण्याचा वेळ वाढत चालला आणि बाकी सगळं थांबलं, तर काळजी करा, आणि त्याला एकदा डॉक्टरकडे जायला सांगा. नोकरी गेल्यावर माणूस हसून बोलतो, आईशी तर हमखास.


वहीपेनवाली, सांगली

सगळ्यांचे आभार. तासगावकर, शेवटचा पगारी दिवस लेखी घेतलाय, वकिलाशी बोलणं झालं. दोन ठिकाणी मुलाखती चालू आहेत. नर्सताईंनी सांगितलेलं सगळं विचारलं, आकडासुद्धा. आकडा सांगितला. चौथा भाग आहे, पण चौथा म्हणण्याइतका नाही. गाडी विकतोय.

गटातल्या त्या गृहस्थांना त्यानं सीवकाचा संवाद इंग्रजीत पाठवला. त्यांचं उत्तर आलं की हे मी वाचलं नव्हतं, पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचू या. माणूस वाईट नसावा. सिगालाची पाच कलमं मुलानं ऑफिसातल्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकली. गोडधोडाचा वाटा वाचून एकीनं लिहिलं, आम्हाला निरोपाचा केकसुद्धा मिळाला नाही.

आणि सासूबाईंना आठही कारणं वाचून दाखवली. पित्त, कफ, वात ऐकल्यावर त्या सावरून बसल्या. म्हणाल्या, "हे तर आपल्या वैद्यांचंच आहे की. मी कवापासून सांगतेय, माझे गुडघे वाताचे आहेत." मग मुलाच्या नोकरीचं काय, असं विचारलं, तर म्हणाल्या, "ते कर्मच. पण त्याच्या मालकाचं." कंट्रोलर काका, हे कुठल्या निकायात बसतं बघा.


मिरजेची नर्स, मँचेस्टर

सासूबाईंना नमस्कार सांगा. पण गुडघा वाताचा म्हणून सोडून देऊ नका, एकदा एक्स-रे काढून घ्या. सूज आहे का, आणि जिना उतरताना जास्त दुखतं की चढताना, ते विचारून इथे लिहा.